डेल्फ्टचा नाश्ता

हॉलंडला गेलेल्या माणसाने काय खावं आणि कसं खावं, हे सिंगापूरच्या अख्ख्या बुकित बातोक वस्तीत फक्त यादवरावांना ठाऊक होतं. निदान यादवरावांचं तसं मत होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवून ठेवलेलं नव्हतं. ओळखीतल्या कुणी मराठी माणसाने युरोपची तिकिटं काढली की ते त्याला इमारतीखालच्या बाकावर गाठत आणि वर्ग सुरू करत.

"हेरिंग मासा कच्चा असतो, घाबरायचं नाही. शेपटीला धरायचा, मान मागे टाकायची, वरून तोंडात सोडायचा. स्ट्रोपवाफेल म्हणजे दोन पातळ वेफर आणि मध्ये काकवीसारखा पाक. ते गरम कॉफीच्या कपावर झाकणासारखं ठेवायचं, पाक मऊ झाला की खायचं. ड्रॉप नावाच्या काळ्या गोळ्या मिळतात. चव ज्येष्ठमधाची, पण खारट. त्या आयुष्यात एकदाच खायच्या."

समोरचा माणूस उठायला लागला की यादवराव त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत.

"आणि मुख्य राहिलंच. टोस्ट. गोल टोस्टला लोणी लावतात आणि त्यावर गुलाबी-पांढरी साखरेची बडीशेप पेरतात. तिकडचा रोजचा नाश्ता आहे. तो न खाता आलास तर हॉलंड पाहिलंच नाहीस."

मागच्या वर्षी समोरच्या ब्लॉकमधला क्षितिज दहा दिवस तिकडे राहून आला. "काका, बाकी सगळं मिळालं, तो टोस्ट कुठल्याच नाश्त्याला नव्हता," असं त्याने सांगितलं तेव्हा यादवराव दयाळूपणे हसले. "हॉटेलात उतरला होतास ना? मग कसा मिळेल? मी घरात राहिलेला माणूस आहे."

हे मात्र खरं होतं. यादवराव पाटबंधारे खात्यात उपअभियंता असताना, सत्त्याऐंशी साली, खात्याने त्यांना पाण्याचं शास्त्र शिकायला डेल्फ्टला पाठवलं होतं. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस थेट गोठलेल्या कालव्यांच्या गावात जाऊन पडला. कॉरीबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ते राहायचे. सकाळी खाली उतरलं की स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरलेली असायची, किटली कुजबुजत असायची आणि कॉरीबाई लोणी लावत असायच्या. तो टोस्ट चावताना होणारा आवाज त्यांना आजही ऐकू यायचा. शेजारीपाजारी आत यायचे, यादवरावांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायचे, एकेक टोस्ट खायचे आणि निघून जायचे. परक्या गावात इतकी माया त्यांना पुन्हा कुठे मिळाली नाही. सिंगापूरला मुलाकडे राहायला येऊन पाच वर्षं झाली, शेजारी चांगले होते, पण नाश्त्याला येऊन हात हलवणारा कुणी नव्हता.

त्यांच्या पत्नीला, ललिताबाईंना, ही माया ऐकवत नसे. कारण साधं होतं. यादवराव डेल्फ्टमध्ये टोस्ट खात होते त्याच महिन्यात ललिताबाई नागपुरात बाळंत झाल्या होत्या. रत्नदीप झाला. सासूबाई म्हणाल्या, बाप आला की पेढे वाटू. बाप आला तेव्हा पोरगा रांगत होता, आणि पेढ्यांचा विषय निघाला नाही तो नाहीच. पुढे घरात कुणाच्याही बाळाचे पेढे आले की ललिताबाई खोका उघडून एकच वाक्य म्हणायच्या, "आमच्या रत्नदीपचे तेवढे राहिले." त्यावर यादवराव कालव्यांची खोली सांगायला लागायचे.

अशात एक दिवस टिनेकेचा निरोप आला. टिनेके म्हणजे कॉरीबाईंची मुलगी, तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. कॉरीबाई गेल्यावरही यादवरावांच्या नववर्षाच्या कार्डाचं उत्तर ती न चुकता पाठवायची. ऑस्ट्रेलियाला जाताना एक दिवस सिंगापूरला थांबत होती.

"आता कळेल सगळ्यांना," यादवराव म्हणाले. "अस्सल डच नाश्ता करू. ती सांगेल मी तिकडे कसा राहिलो ते."

सगळं घर कामाला लागलं. पोफर्त्येस नावाचे छोटे फुगीर गोड गोळे ललिताबाईंनी आप्पेपात्रात केले. "हे आप्पेच आहेत, वरून पिठीसाखर टाकलीय," त्या म्हणाल्या. स्ट्रोपवाफेल सुपरमार्केटमध्ये मिळाले. टोस्टचं खातं यादवरावांनी स्वतःकडे ठेवलं. लिटिल इंडियातून लांबट टोस्ट आणले आणि सुरीने कडा तासून गोल केले. एक गोल व्हायचा, तीन मोडायचे. बडीशेप हॉटेलात बिलाबरोबर येते तीच, रंगीबेरंगी. त्यातली हिरवी, पिवळी आणि केशरी वेचून काढायला त्यांनी नात अवनीला बसवलं.

"आजोबा, धिस इज मुखवास लाह," अवनी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तिकडे हा नाश्ता असतो."

"बाबा, एकदा गूगल करून बघू का?" सून जान्हवीने विचारलं.

"मी तिथे राहिलोय. गूगल राहिलंय का?" यादवराव म्हणाले, आणि पुढे सूचना दिली, "पाहुणी आली की सगळ्यांनी तिचा हात जोरात हलवायचा. आणि ती जे करेल ते करू द्यायचं. तिकडच्या रीतींना आडवं जायचं नाही."

शनिवारी सकाळी टिनेके आली. उन्हाने लाल झालेली, उंच, पन्नाशीला टेकलेली बाई. रत्नदीप तेव्हा अवनीला घेऊन स्विमिंग क्लासला गेला होता. उरलेल्या तिघांनी तिचा हात असा हलवला की तिची पर्स खांद्यावरून खाली आली. मग तिचं लक्ष टेबलावर गेलं. गुलाबी-पांढऱ्या टोस्टची ताटली पाहून ती जागच्या जागी थांबली, आणि तिचे डोळे भरून आले.

"यादव, अभिनंदन," ती इंग्रजीत म्हणाली. "आणि तुम्हाला हे इतकी वर्षं लक्षात राहिलं?"

"विसरेन कसा?" यादवराव म्हणाले आणि ललिताबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण त्या आप्पे उलटायला जान्हवीला घेऊन आत गेल्या होत्या.

"गुलाबी. म्हणजे मुलगी?"

यादवरावांना वाटलं, ही नातीबद्दल विचारते आहे. "हो, मुलगीच. एकच नात. अवनी."

"किती गोड नाव. झोपली आहे का?"

"नाही, पोहायला गेलीय."

टिनेकेने हातातला कप खाली ठेवला. "पोहायला?"

"बापाबरोबर. पण आता तिला बाप लागत नाही. खोल पाण्यात एकटी जाते."

पोहण्याच्या बाबतीत आपलाच देश पुढे आहे, असा टिनेकेचा आजवर समज होता.

"दूध नीट पिते ना?"

"कुठलं? माइलोची चॉकलेट पावडर घातल्याशिवाय तोंड लावत नाही."

"आणि रात्री?"

"रात्री जागते. हातातला मोबाइल ओढून घ्यावा लागतो."

यावर टिनेकेने कप पुन्हा उचलून तोंडाला लावला. ती सभ्य बाई होती, आणि परमुलखात आपण पाहुणे आहोत याचं तिला भान होतं.

तेवढ्यात जान्हवी आप्प्यांची ताटली घेऊन बाहेर आली. टिनेके ताडकन उठली, तिने ताटली काढून घेतली, जान्हवीला सोफ्यावर बसवलं, पाठीला उशी दिली आणि पाय उचलून स्टुलावर ठेवले. जान्हवीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी डोळ्यांनी सांगितलं, रीत आहे, बस. ती बसली.

"तू बेबीनंतर इतक्यात कामाला कशी लागलीस?" टिनेकेने तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं. "सुट्टी नाही मिळाली?"

पहिला प्रश्न जान्हवीला कळला नाही. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. पाहुणीसाठी तिने रजा टाकली होती. "मिळाली ना. दोन दिवस."

"दोन दिवस?"

"बॉस चांगला आहे म्हणून. बाकीच्यांना एकच देतो."

टिनेकेच्या मनातून सिंगापूर त्या क्षणी जे उतरलं ते पुन्हा चढलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या असलेल्या ललिताबाईंनी हे सगळं पाहिलं. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, पण बेबी म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पाठीला उशी, पाय स्टुलावर, केसांवरून हात. म्हणजे सुनेला दिवस गेले, आणि ते सासूच्या आधी हॉलंडला कळलं. क्षणभर त्यांना रडू आलं, मग इतका आनंद झाला की राग राहूनच गेला. त्यांनी गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन नागपूरला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"सरोजिनी, जय भीम. कुणाला सांगू नकोस, पण आपल्या जान्हवीकडे गोड बातमी आहे."

सरोजिनीला कुणाला सांगू नकोस म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं होतं.

अर्ध्या तासाने रत्नदीप अवनीला घेऊन घरी आला. दारातच त्याने फोन पुढे धरला. "आई, मावशी माझं अभिनंदन का करतेय? आणि पाठोपाठ अजून अकरा जण?"

"आता लपवू नकोस," ललिताबाई म्हणाल्या. "मी काही परकी नाही."

रत्नदीपने सोफ्याकडे पाहिलं. बायको उशीला टेकून, पाय वर करून बसलेली. तो हळूच म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचं."

"काय सांगायचं?" जान्हवी म्हणाली. "मला इथून उठू देत नाहीयेत."

"मला ब्रदर होणार आहे, इज इट?" ओल्या केसांनी अवनीने विचारलं.

टिनेके तिच्याकडे पाहत होती. "ही कोण?"

"हीच अवनी," यादवराव म्हणाले.

टिनेकेने पोहण्याची पिशवी पाहिली, नऊ वर्षांची मुलगी पाहिली, मग ताटली पाहिली. "मग हे टोस्ट कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? नाश्ता आहे."

"यादव, हा नाश्ता नाही. हे आमच्याकडे घरात बाळ झालं की करतात. भेटायला येईल त्याला देतात. एरवी कोण कशाला करेल?"

आतापर्यंत सगळ्यांना उलगडा होत आला होता. जान्हवीने पाय खाली घेतले. रत्नदीप हसायला लागला. ललिताबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांच्या हातातला फोन खाली आला. यादवराव एकटे अजून आपल्या खिंडीत लढत होते.

"असं कसं? मी तुमच्या घरी रोज खाल्लेत."

"रोज नाही. एक आठवडा," टिनेके म्हणाली. "तुमची तार आली तेव्हा. मला चांगलं आठवतं, कारण ताटल्या मीच पोचवल्या. तुम्ही आईला सांगितलंत, मुलगा झाला म्हणून, आणि वर खोलीत जाऊन दार लावून घेतलंत. आई म्हणाली, या माणसाचं इथे कुणी नाही, मग वाटणार कोण? त्या वेळी मुलासाठी वेगळे निळे दाणे नसायचे, मुलगा असो मुलगी असो, हेच रंग. आईने दुकानातला डबाच आणला. आठवडाभर सगळी गल्ली तुमचं अभिनंदन करायला येत होती. तुम्ही नुसते हसत होतात, हात हलवत होतात."

यादवराव खुर्चीवर बसले. किटलीचा आवाज, काचेवरची वाफ, डच भाषेत काहीतरी भरभरून बोलणारे ते लाल गालांचे लोक. त्यांना भाषा येत नव्हती, परीक्षा तोंडावर होती, आणि सारखी घरची आठवण येत होती. हे लोक आपल्याच मुलासाठी येताहेत हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. आणि इतकी वर्षं त्यांनी ते रोजच्या नाश्त्यात जमा करून टाकलं होतं.

"काय म्हणाली ती?" ललिताबाईंनी विचारलं.

जान्हवीने सगळं मराठीत सांगितलं. शेवटी ललिताबाई म्हणाल्या, "तिला विचार, किती घरी दिले?"

"सगळ्या गल्लीत," टिनेके म्हणाली. "कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला तर दोनदा. त्याला आवडायचे."

ललिताबाईंनी पदराने डोळे टिपले. तिला वाकून नमस्कार करावा की जवळ घ्यावं, हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी तिच्या ताटलीत आणखी चार आप्पे घातले.

एवढ्यात सरोजिनीचा व्हिडिओ कॉल आला. मागे तिच्या इमारतीचा जिना दिसत होता. "ताई, तीन मजले वाटून झाले," ती धापा टाकत म्हणाली. "दोन किलो पेढे संपले. वरच्या दोन मजल्यांसाठी अजून आणायला पाठवलंय."

रत्नदीप फोनकडे झेपावला. "मावशी, थांब. तसं काही नाहीये. गैरसमज झालाय."

"अगं बाई," सरोजिनी म्हणाली. "आता लोकांना काय सांगू? पेढे खाल्लेत त्यांनी."

ललिताबाईंनी फोन आपल्याकडे घेतला. "काही थांबवू नकोस. वरचे दोन मजलेही कर. सांग, रत्नदीपचे आहेत."

"रत्नदीपला कुठे काय झालंय? तूच तर म्हणालीस..."

"रत्नदीपला काही झालेलं नाही. रत्नदीप झालाय. सांग सगळ्यांना."

सरोजिनीने मान हलवली आणि ती जिना चढायला लागली.

घरात सगळे टेबलाभोवती बसले. टिनेकेने अवनीला स्ट्रोपवाफेल कपावर कसं ठेवायचं ते दाखवलं. यादवरावांना आता तो टोस्ट पुन्हा एकदा, या वेळी नीट कळून, खाऊन पाहावासा वाटला. त्यांनी ताटलीकडे हात नेला. ललिताबाईंनी ताटली उचलून स्वतःच्या पुढ्यात घेतली.

"तुम्ही तुमचे तेव्हाच खाल्लेत," त्या म्हणाल्या. "हे माझे आहेत."