नानांच्या दाराची कुरकुर

आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की तिसऱ्या दिवशी दत्तूनाना तिथं हजर होत आणि 'नमस्कार' म्हणायच्या आधी दाराच्या बिजागरीत तेल घालत. लांब चोचीची तेलाची बुधली त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असे. यजमान गोंधळून बघत राहिले की नाना दार दोनदा उघडून मिटत आणि म्हणत, "कुरकुरणारं दार म्हणजे घरातलं उपाशी माणूस. आधी त्याला वाढा, मग आपण जेवा."

नानांची उभी हयात रेल्वेत फिटर म्हणून गेली. पेन्शन घेतल्यावर डब्यांची चाकं सुटली, पण हात काही स्वस्थ बसेनात. तेव्हा त्यांनी सराफ्यामागची, नदीकडे उतरणारी आमची अख्खी गल्ली दुरुस्तीला घेतली. आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातही कधी आली नाही.

घरात दोघंच, नाना आणि राधाकाकू. काकूंची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली होती. पण चूल, पाण्याचा हंडा, देव्हारा, सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. नाना कुठल्याही छपरावर चढलेले असोत, दिवेलागणीला घरी म्हणजे घरी.

माझी आणि नानांची गाठ पडली ती एका पिंपळामुळं. आमच्या मागच्या भिंतीत त्याचं रोप उगवलं होतं. पिंपळ उपटणार कसा? म्हणून आमची ही त्याला रोज तांब्याभर पाणी घाली. नानांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, भिंत पाडायचीच आहे तर गवंडी बोलवा. देवाला कशाला कामाला लावता?"

मग त्यांनी रोपाला हात जोडले, मुळासकट अलगद काढलं आणि स्वतः जाऊन नदीकाठी लावून आले. आमच्या हिनं त्या दिवसापासून त्यांना सासऱ्याचा मान दिला. मला मात्र ते येता-जाता त्या भिंतीवरून टोमणे मारत.

समोरच्या शेटजींची तऱ्हा निराळी. त्यांनी नवी टूम म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं काढलं. नाना तीन दिवस समजावत होते, "मातीची भिंत श्वास घेते हो, तिचं नाक दाबू नका." शेटजींनी ऐकलं नाही. ओल आतच कोंडली आणि गणपतीत ऐन आरतीला ताटाएवढा पापुद्रा सुटून शेटजींच्या पुढ्यात पडला. नाना शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते. आरतीला की गिलाव्याला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

एवढं सगळं असून नानांच्या स्वतःच्या घराचं दार असं ओरडे की कोपऱ्यावरचा कासार हातातलं काम थांबवून बघे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं सगळी गल्ली म्हणे. मी एकदा विचारलंसुद्धा. नाना एवढंच म्हणाले, "राहू द्या हो, जुनं आहे."

चैत्रात आमच्या घराची कौलं चाळायला हरसूलकडचा सोमा आला होता. नाना अर्थातच त्याच्या आधी शिडीवर.

"नाना, खाली उतरा. लय वय झालंय तुमचं. पाय घसरला तर लोक मलाच बोलतील."

"फुटकं कौल तुला दिसेल रे, सरकलेलं कोण बघणार? पाऊस तिथूनच येतो."

वर चढताना नानांनी कोट काढून ठेवला होता. उतरल्यावर कोट घेतला, पण बुधली आमच्या खिडकीत राहिली, आणि नाना आपले शेटजींची मोरी तपासायला गेले. माझ्या डोक्यात किडा वळवळला. काकूंना आमची ही हळदीकुंकवाला घेऊन गेली होती, तेव्हा घर रिकामं होतं. मी गेलो आणि नानांच्या तिन्ही बिजागऱ्यांना पोटभर तेल पाजलं. दार लोण्यासारखं फिरू लागलं. फार दिवसांनी भिंतीचा वचपा निघाला म्हणून मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी नाना बुधली घ्यायला आले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, हात चांगला आहे तुमचा. एक थेंब खाली सांडला नाही. पण काल मी घरात शिरलो ते हिला कळलंच नाही. चुलीशी होती. मी खांद्यावर हात ठेवला, तर किंचाळली. उतरवलेलं दूध हातावर सांडलं."

मी खिडकीतली बुधली हातात घेतली.

"फार भाजलं नाही. पण रात्रभर विचारत होती, दाराला काय झालं? तिला दारावरून माणूस कळतं हो. दूधवाला ढकलतो ते एकदम. मी अर्धं उघडतो, चपला काढतो, मग उरलेलं. तेवढ्यात ती चहाचं आधण ठेवते. आज सकाळपासून नुसती दाराकडे तोंड करून बसली आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बुधली त्यांच्या हातात दिली, पण त्यांनी ती परत खिडकीत ठेवली.

"हे आता कसं काढायचं, ते सांगा. मला घालायचं तेवढं ठाऊक."

आम्ही दोघं कामाला लागलो. रॉकेलनं तेल पुसलं, राखेनं घासलं आणि रोज सकाळी मिठाचं पाणी सोडलं. गल्ली बघून हसत होती. गंजाशी जन्मभर भांडलेले नाना बिजागरीला नाक लावून गंज धरला का बघत. शनिवारी लोक मारुतीला तेल घालायला निघाले, तेव्हा आम्ही मिठाचं पाणी घेऊन दाराशी उभे होतो. चार दिवस गेले, सहा गेले, दार मुकंच. काकू दिवेलागणीच्या आधीपासून उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसू लागल्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी नानांबरोबरच होतो. त्यांनी दार अर्धं ढकललं.

कर्रर्र.

नाना जागीच थांबले. चपला काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण डोळे पुसायचे होते. मग उरलेलं दार ढकललं.

कर्र.

पाटावर कोणी नव्हतं. आतून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, "आलात का?"