आपोआप तयार झालेली फाईल

सन २००६ मध्ये मानकोलीच्या पूर-अंदाज कक्षात शुभदा कर्णिक यांच्या हातून एक गैरप्रकार घडला. त्यांनी कक्षाचे काम कमी केले.

खाडीचे पाणी किती चढेल ते सांगणारा प्रोग्रॅम फोरट्रान या संगणकीय भाषेत, चार फायलींत होता. हिशेब तोच, फक्त आकड्यांचा प्रकार वेगळा: कुठे पूर्णांक, कुठे कमीजास्त दशांशस्थळे; एकेका फाईलवर वेगळ्या गावांचा अंदाज निघे. शुभदाने एकच साचा लिहिला आणि प्रकाराची जागा रिकामी ठेवली. 'मेक' अशी आज्ञा दिली की प्रीप्रोसेसर नावाचा मदतनीस प्रोग्रॅम ती जागा भरून चारही फायली नव्याने तयार करी. प्रत्येकीच्या माथ्यावर ओळ उमटे: "ही फाईल आपोआप तयार झाली आहे. हात लावू नये."

कक्षप्रमुख केसरीनाथ चौधरी त्या ओळीवर अडले.

"आपोआप म्हणजे? जबाबदार कोण?"

"साचा मी लिहिलाय, सर."

"साच्याला जावक क्रमांक आहे का? फायलींना आहे."

मग चारही फायलींच्या माथ्यावर साहेबांचे नाव व मान्यता टंकली गेली. पुढच्या 'मेक'ने ती पुसली. साहेबांचा चेहरा उतरला. परिपत्रक काढून 'मेक' बंद करण्यात आले.

जूनमध्ये शुभदाला चूक सापडली. भरतीचे पाणी मिळवण्याऐवजी वजा होत होते. साच्यात एका चिन्हाचे काम; 'मेक' बंद असल्याने आता दर फाईलमागे एक, असे चार प्रस्ताव लागले. तीन मंजूर झाले. चौथा, ज्या फाईलवर खाडीकाठच्या दिघाशी गावाचा अंदाज निघे, तो शेरा घेऊन परतला: "मजकूर आधीच्या तीन प्रस्तावांशी तंतोतंत जुळतो. नक्कल केल्याचा संशय."

"सर, परवा अमावास्येची भरती आहे!"

"मान्य आकड्याविरुद्ध बोलणं म्हणजे अफवा, मॅडम."

तरीही तिने दिघाशीच्या बाळाराम पाटलांना फोन केला. "काका, गुरं वर न्या."

"कागदावर पानी किती हाय?"

"कागद चुकलाय."

"कागदावर शिक्का हाय, बाई. तुमच्या बोलन्यावर न्हाय."

अमावास्येच्या भरतीत बाळारामच्या दोन म्हशी वाहून गेल्या.

भरपाईचा छापील अर्ज घेऊन तो कक्षात आला, तेव्हा शुभदा धावत पुढे झाली. "काका, आधी वाचा!"

"सगल्यांनी सही केली हाय. मी एकला वाचत बसू?"

त्याने सही केली. बाराव्या ओळीत होते: "पाणी मान्य अंदाजापेक्षा वर चढले नाही, हे मला मान्य आहे."

बाळारामला हसण्याआधी वाचकाने, आपण गेल्या महिन्यात बँकेत, दवाखान्यात काय काय मान्य करून आलो, ते आठवून पाहावे. आठवणार नाही. वाचलेच नव्हते.