अस्सल धुरकट डाग

आकाश सर्वांचं असतं, आणि म्हणूनच ते बघण्यालायक ठेवणं हे कुणाचंच काम नसतं. ही उणीव भरून काढण्याचा मान आमच्या वेधशाळेकडे जातो. मी तिथला जनसंपर्क अधिकारी. बाकीचे लोक तारे बघतात, मी बघणाऱ्यांना बघतो. हे काम जास्त अवघड आहे, कारण तारे तक्रार करत नाहीत.

टेकडीवर एक घुमट, घुमटाखाली थोरली दुर्बीण, शेजारी जरा खालच्या अंगाला गच्ची, पायथ्याशी वाहनतळ आणि स्वच्छतागृह (बंद) असा आमचा पसारा. दुर्बिणीवर एक बाई काम करायच्या. त्यांना सगळे वेधबाई म्हणत. त्या एका दूरच्या दीर्घिकेच्या मागे लागल्या होत्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकत्र कुटुंब. तिथले सगळे एकमेकांपासून भरपूर लांब राहतात, म्हणून ते टिकतं. त्या कुटुंबातला एक तारा नुकताच फुटला होता. (नुकताच म्हणजे तीन कोटी वर्षांपूर्वी, बातमी आत्ता पोचली. आमच्या कार्यालयात याला उशीर समजत नाहीत.) फुटलेला तारा आधी भडकतो, मग हळूहळू विझत जातो. तो कसकसा विझतो हे रोज मोजायचं, एवढीच वेधबाईंची मागणी होती.

अडचण अशी, की ती दीर्घिका अंधार पडल्यावर थोडा वेळ दिसायची आणि लगेच मावळायची. नेमकी तीच वेळ जनतेसाठी राखीव होती. त्या वेळात दुर्बिणीचा कॅमेरा काढून तिथे डोळा लावायचं भिंग बसवायचं, असा नियम. म्हणजे तिकडे तारा विझत होता आणि इकडे वेधबाई "मागचे पुढे सरका" म्हणत होत्या.

बरं, एवढं करून जनता तरी खूश? तेही नाही. वाहनतळापासून वरपर्यंत आम्ही दीर्घिकांची भव्य चित्रं लावली होती. जांभळ्या, सोनेरी, मध्ये केशरी झाक. ती बघत बघत माणूस वर यायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि त्याला दिसायचा एक धुरकट डाग. एका गृहस्थांनी तर बायकोमुलांसमोर मला धारेवर धरलं. "एवढी टेकडी चढून आलो, ते काय काचेवरचा डाग बघायला? जांभळा रंग कुठे गेला?"

आम्ही पाहणी केली. शंभरातले नव्वद प्रेक्षक नाराज निघाले. उरलेल्या दहा जणांनी चुकीचा डोळा मिटला होता.

संचालकसाहेबांनी बैठक बोलावली. वेधबाईंनी शांतपणे समजावलं, की इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्यांना रंग दिसतच नाहीत. कॅमेरा तासन् तास उजेड गोळा करतो, तेव्हा कुठे ते चित्र बनतं.

"म्हणजे चूक डोळ्यांची आहे," साहेब म्हणाले.

"चूक कुणाचीच नाही, साहेब."

"असं कसं? तक्रार आहे म्हणजे चूक आहे. डोळे आपल्या अखत्यारीत येत नाहीत, दुर्बीण येते."

त्याप्रमाणे गच्चीवर धाकटी दुर्बीण उभी राहिली. दिसायला ती थोरलीपेक्षाही थोरली होती. आत एक दिवा आणि दिव्यापुढे जांभळं चित्र, एवढाच तिचा संसार. लोक डोळा लावायचे आणि "अहाहा" करायचे. ते मघाचे गृहस्थ मुद्दाम पुन्हा आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "याला म्हणतात विज्ञान!"

वेधबाई पहिल्या दिवशी संतापल्या. राजीनाम्याची भाषा झाली. मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळी रांग गच्चीवर वळली आहे आणि थोरली दुर्बीण ऐन वेळेला रिकामी पडली आहे. तत्त्व आणि काळोख यांत त्यांनी काळोख निवडला. त्या मुकाट्याने घुमटात जाऊन बसल्या. (प्रामाणिक माणसाला गप्प करण्याचा हा उपाय आम्हाला आयताच सापडला. त्याला त्याचं काम करू द्यायचं.)

महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि मग वेधबाईंची आई आली.

लेक इतकी वर्षं संध्याकाळची घरी का नसते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून ती आली होती. स्वेटर घालून रांगेत उभी राहिली, धाकटीला डोळा लावला आणि हरखून गेली. "अगं बाई, किती गोड! हे बघत बसतेस होय तू? मग काही म्हणणं नाही माझं."

वेधबाईंना तिथेच 'हो' म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षांचं भांडण एका शब्दात मिटलं असतं. मी बाजूलाच होतो; मी डोळ्यांनी खुणावलंदेखील. पण त्यांनी आईचा हात धरला आणि तिला घुमटात नेलं. कॅमेरा काढला, भिंग बसवलं. त्या दिवसाचं मोजमाप पाण्यात गेलं.

"काही दिसत नाही," आई म्हणाली.

"थांब जरा. थेट नको बघूस, किंचित कडेने बघ."

आई थांबली. बराच वेळ थांबली.

"पिठाचं बोट लागल्यासारखं काहीतरी आहे. आणि त्याला लागून एक ठिपका."

"तो ठिपका म्हणजे फुटलेला तारा. विझत चाललाय."

"मघाचं गप्प होतं, हे हलतंय गं."

"हवा हलते ना मधली, म्हणून."

"म्हणजे हे खरं?"

"हे खरं."

आईने डोळा बाजूला घेतला. "मला खालचं आवडलं होतं. राहू द्यायचंस की तसंच."

"दुसऱ्या कुणाला राहू दिलं असतं," वेधबाई म्हणाल्या. "तुला कसं फसवू?"

आईने लेकीच्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला, पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि दीर्घिका मावळेपर्यंत काढला नाही. मग ती खाली उतरली आणि भाजीवाल्याशी भांडताना लावावा तसा आवाज लावून रांगेला म्हणाली, "अहो, हे चित्र आहे! खरं वर आहे, माझ्या मुलीकडे!"

एकच गोंधळ उडाला. लोकांना जांभळं नको झालं. खरं पाहिजे, अस्सल पाहिजे, आत्ताच्या आत्ता पाहिजे. ते गृहस्थ सर्वांत पुढे. "मला पहिल्याच दिवशी संशय आला होता!"

संचालकसाहेबांनी जनमताचा आदर केला. आठवड्याच्या आत धाकट्या दुर्बिणीतलं जांभळं चित्र काढून टाकण्यात आलं आणि त्या जागी धुरकट डागाचं चित्र बसवण्यात आलं. डाग हलावा म्हणून मागे एक छोटी मोटर लावली. दिवा मंद केला. 'थेट बघू नये, कडेने बघावे' अशी पाटी लावली. लोक आता बराच वेळ डोळा लावून बसतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. शंभरातले शंभर समाधानी आहेत.

वेधबाईंना पुढची प्रत्येक संध्याकाळ मिळाली. तारा पूर्ण विझेपर्यंत त्यांनी तो मोजला. त्यांचा निबंध परदेशात वाचला गेला, आमच्याकडे त्याचं कौतुक झालं. आई अधूनमधून येते. गच्चीकडे ढुंकूनही न बघता सरळ घुमटात जाते. खालच्या मोटरबद्दल तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि वेधबाईंनी विचारलेलं नाही.

राहता राहिलात तुम्ही. तुम्हीही सहकुटुंब येऊन गेलात, मला चांगलं आठवतं. कडेने बघितलंत, मुलांना दाखवलंत, आणि निघताना म्हणालात, "चित्रात काही अर्थ नाही हो, खरं ते खरंच." ऐकून ऊर भरून आला. फक्त एक सांगायचं राहून गेलं. त्या संध्याकाळी धो धो पाऊस पडत होता. तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसला होतात, तेव्हा तुमच्या डोक्यावरची छत्री मीच धरली होती.