चारही पाय जमिनीवर

सुखदाला कुत्र्यांच्या मनातलं उपजतच कळायचं. निदान तिनं तसं जाहीर तरी केलं होतं. शाळेत स्पोर्ट्स कॅप्टनचा बिल्ला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं होतं, त्यामुळे घरात कोणी वाद घातला नाही. पोरगी दहावीत, गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. एका शिट्टीत चाळीस पोरी रांगेत उभ्या राहतात, तिथे एक कुत्रा काय चीज आहे!

त्या कुत्र्याचं नाव गुल्लू. आणलं तेव्हा गुळाच्या गुलगुल्यासारखं गोल, तपकिरी पिल्लू होतं. गुलगुल्याचा गुल्लू झाला. आठ महिन्यांत त्या गुलगुल्याला कॅरमच्या स्टँडसारखे लांबलचक पाय फुटले आणि आल्यागेल्यावर प्रेम करायचं ते थेट खांद्यावर पंजे ठेवूनच, असा त्याचा नियम झाला. दूधवाला गेटबाहेरूनच हाका मारायचा. शेजारच्या शर्मिलाकाकूंचा योगेश भैया इंटरव्ह्यूला निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर दोन पंजे असे उमटले होते, की कंपनीचं चिन्ह वाटावं.

पण या लोकांचं ठीक होतं हो. खरा प्रश्न बेबीआत्याचा होता.

बेबीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. राहते जबलपुरातच, सदर भागात, ऑटोनं पंधरा मिनिटं. आणि चार वर्षं तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सुखदाच्या मोठ्या बहिणीच्या, अमिताताईच्या लग्नात नेमकी वरात दारात आली तेव्हाच आत्याही आली. सगळं घर वरातीकडे धावलं. आत्याला कोणी 'ये' म्हटलं नाही. आहेराची पिशवी मांडीवर घेऊन ती अर्धा तास चपलांच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मग जेवली, फोटोत हसली आणि गेली ती गेलीच. बाबा दर भाऊबीजेला सदरला जायचे. ती ओवाळायची, चिवडा बांधून द्यायची, सगळ्यांची चौकशी करायची. घरी यायचं म्हटलं की विषय बदलायची.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्ण म्हणून बोलवायला बाबा स्वतः गेले आणि आत्या चक्क हो म्हणाली. एकच अट घातली. "मानपान नको मला, शैलू. दारात कोणी तोंडाकडे पाहून 'ये' म्हणालं पाहिजे. बस."

बाबा घरी आले ते पाव किलो खोव्याची जिलेबी घेऊन, आणि त्यातली निम्मी त्यांनी उभ्याउभ्याच संपवली. चार वर्षांत त्यांना एवढं खूश कोणी पाहिलं नव्हतं. तोंड पुसता पुसता ते म्हणाले, की त्या दिवसापुरतं गुल्लूला मझौलीला अंबादासकाकांच्या शेतावर ठेवून येऊ.

सुखदाला हा थेट बिल्ल्याचा अपमान वाटला.

"पंधरा दिवस द्या मला," ती म्हणाली. "आत्या येईल तेव्हा गुल्लू दारात पुतळ्यासारखा बसलेला दिसेल. शब्द आहे माझा."

बाबा भोळे. दिले त्यांनी पंधरा दिवस.

सुखदानं एका रात्रीत अकरा व्हिडिओ पाहिले आणि पद्धत ठरवली. कुत्रा उडी मारतो, कारण त्याला आपलं लक्ष हवं असतं. म्हणून त्यानं उडी मारली, की शिट्टी वाजणार. शिट्टी वाजली, की हजर असलेल्या प्रत्येकानं पाठ फिरवायची, हाताची घडी घालायची, वर बघायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले, की 'शाब्बास' आणि पोळीचा तुकडा. नियम सगळ्यांना सारखा. शर्मिलाकाकू आणि योगेश भैया रोज येणारे, म्हणून त्यांनाही.

पहिले दोन दिवस गोंधळात गेले. आई पाठ फिरवायची, पण "अगं, भाजी करपून राहिली" असं बोलून टाकायची. सुखदा लगेच पुन्हा सराव घ्यायची. काकूंना डावीकडून वळायचं की उजवीकडून हेच समजेना. पण कॅप्टन ती कॅप्टन! आठव्या दिवशी अशी वेळ आली, की शिट्टी वाजताच आई हातातल्या झाऱ्यासकट गर्रकन वळायची आणि झाऱ्यातली भजी एकही पडायची नाही.

बाबांची प्रगती तर फारच झाली. सदरच्या चौकात ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी वाजवली, तर बाबांनी स्कूटर थांबवली, खाली उतरले, हवालदाराकडे पाठ केली, हाताची घडी घातली आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. हवालदार बिचारा गोंधळला. "अंकल जी, नाराज हो गए क्या?" असं विचारून त्यानं त्यांना तसंच सोडलं.

घरी येऊन बाबांनी हे सांगितलं तेव्हा सुखदा पोट धरून हसली. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण नाही आली, कारण गुल्लूही उत्तम शिकत होता. उडी मारायचा, खाली उतरायचा, चार पाय टेकवायचा आणि तुकड्यासाठी मान वर करायचा. दिवसाला वीस-वीस वेळा! आजवर इतक्या वेळा खाली उतरलेला कुत्रा जबलपुरात दुसरा नसेल, असं ती शाळेत सांगत फिरली.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. आईच्या सोळा भाज्या झाल्या, पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बाबा सकाळपासून नवा कुर्ता घालून दर पाच मिनिटांनी गेटवर डोकावत होते. "ये ताई, ये" हे ते आरशासमोर म्हणून पाहत होते, हे सुखदानं स्वतः ऐकलं.

साडेबाराला ऑटो थांबला. आत्या उतरली. अंगावर करवतकाठी साडी, हातात देवीसाठी कमळं. गेट उघडून ती उंबऱ्याशी आली आणि थांबली. समोर बाबा, पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेतलेली आई, शर्मिलाकाकू, खुर्च्या लावायला आलेला योगेश भैया आणि गळ्यात शिट्टी घालून सुखदा. आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड उघडलं.

आणि दारात आणून बसवायच्या आधीच मागच्या अंगणातून गुल्लू सुटला.

तो कोणाच्या पायांमधून आला हे कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की करवतकाठीच्या दोन्ही खांद्यांवर दोन पंजे आणि कमळं हवेत! सुखदाच्या डोक्यानं काही ठरवायच्या आत तिच्या गालांनी हवा भरली.

फुर्रर्र!

पाच जण एकदम गर्रकन वळले. हातांच्या पाच घड्या. पाच नजरा छताला. पंधरा दिवसांत एवढी सफाई कधीच जमली नव्हती. आईच्या तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

आणि शांतता. कारण चारही पाय टेकेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा नियम सुखदाचाच होता.

मागून गुल्लूचं आत्याला चाटणं तेवढं ऐकू येत होतं. मग चपलांचा आवाज. मग ऑटोवाल्याला आत्याचा अगदी शांत आवाज, "चलो भैया, वापस."

बाबा धावले. अनवाणीच धावले. ऑटोचा दांडा धरून ते काकुळतीला आले, की ताई, तसं नाही गं, कुत्र्यासाठी होतं ते. आत्या समोर बघत म्हणाली, "काहून रे शैलू, मागच्या वेळी विसरले म्हणून मी मनाला समजावलं होतं. यावेळी तर तुम्ही तालीम केली."

सुखदाचे कान तापले. चूक तिची होती, सांगायलाही तीच हवी होती. ती ऑटोजवळ गेली. म्हणाली, की आत्या, सगळं माझ्यामुळे झालं, शिट्टी वाजली की असं होतं, यांचा काही दोष नाही. आत्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की थाप बरी मारता येते तुला. सुखदाला रडू फुटायला आलं. पटवायचं कसं? आणि पटवण्याच्या नादात तिनं, काय सांगू, पुन्हा शिट्टी वाजवली.

बाबांनी ऑटोचा दांडा सोडला. मोठ्या बहिणीकडे पाठ केली. हाताची घडी घातली आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात सोडला नाही.

आत्या त्या पाठीकडे बघत राहिली. मग गेटमधल्या आईच्या पाठीकडे, काकूंच्या पाठीकडे. मग तिचे खांदे हलायला लागले. सुखदाला वाटलं, रडतेय. आत्या हसत होती. ऑटोवाला तर केव्हाचा हसत होता.

"वळ रे इकडे, शैलू," आत्या म्हणाली.

बाबा वळले. नाक ओढत, तोंडाकडे पाहत म्हणाले, "ये ताई, ये."

आत्या जेवली. दोन पुरणपोळ्या जास्तच जेवली. साडीवरचे पंजे पुसायला आई ओलं फडकं घेऊन आली, तर तिनं राहू दे म्हटलं. म्हणाली, "चार वर्षांनी या घरात मला पाहून यालाच तेवढा आनंद झाला. राहू दे त्याची निशाणी."

सुखदा मात्र जेवायला बसलीच नाही. मागच्या पायरीवर बिल्ला उलटा करून बसली होती. आत्या हात धुवायला तिकडे आली. गुल्लूनं लगेच आत्यावर उडी मारली, खाली उतरला, चारही पाय टेकवले आणि मान वर करून सुखदाच्या हाताकडे बघू लागला. आत्यानं हे दोनदा होऊ दिलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू याला खाली उतरायला शिकवलंस, बाई. उतरायला आधी चढावं लागते. म्हणून तर चढतो तो."

सुखदानं मनात हिशोब केला. पंधरा दिवस. दिवसाला वीस तुकडे. उडी मारायला!

आत्यानं हात पुढे केला. सुखदानं मुकाट्यानं गळ्यातली शिट्टी काढून दिली.

आता आत्या दर रविवारी येते. उंबऱ्याबाहेर थांबते, पर्समधून शिट्टी काढते आणि वाजवते. बाबा, आई आणि सुखदा ओळीत उभे राहून तिच्या तोंडाकडे पाहत 'ये' म्हणतात. हे बसवायला आत्याला एकच दिवस लागला. गुल्लू अजून खांद्यावरच चढतो.