हात कुणाचे थरथरले?

"स्टिअरिंग थरथरतंय म्हणजे हात थरथरतायत! साधं शास्त्र आहे!" गुरुजींनी जाहीर करून टाकलं. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी एकदा कारण सांगितलं की बिचाऱ्या कारणाची तिथून सुटका नसे.

समोर सूनबाई उभ्या होत्या. हातात जीपची किल्ली आणि चेहरा पांढराफटक. त्या नर्स होत्या. तीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात त्यांना नोकरी मिळाली होती, पण तिकडे बस जात नव्हती. एक तारखेपर्यंत घरातली जुनी जीप चालवता आली तर नोकरी, नाहीतर घर आहेच! महिनाभर त्या झकास शिकल्या होत्या. आणि आज साठच्या वेगात एका एवढ्याशा खड्ड्यावरून गाडी गेली मात्र, भिजलेल्या कुत्र्यानं अंग झटकावं तशी पुढची चाकं थडथडायला लागली. गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत ती थरथर काही थांबेना!

"बाबा, गाडीतच काहीतरी आहे हो. मी तर नुसतं धरून होते."

"घट्ट धरलं होतंस की सैल?"

"घट्ट."

"तेच चुकलं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सैल धरलं. खड्ड्यावर पुन्हा तोच नाच.

"सैल धरलंस? तेच चुकलं!"

मग गुरुजींनी सराव लावून दिला. काठोकाठ पाण्यानं भरलेलं ताट दोन्ही हातांत धरायचं आणि रोज सकाळी अंगणात दहा फेऱ्या मारायच्या. तान्ह्या बाळांना सुई टोचणारे हात ते! एक थेंब सांडला नाही.

"सांडलं असेल थोडं," गुरुजी जमिनीकडे निरखून बघत म्हणाले, "उन्हानं वाळलं!"

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चाकांत हवा भरून झाली, चाकं बॅलन्स करून झाली. फरक पडला. साठला थरथरणारी गाडी आता पासष्टला थरथरू लागली.

अठराव्या दिवशी सूनबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "बाबा, मी दवाखान्यात नाही म्हणून कळवते. मला नाही जमायचं. उद्या रस्त्यावर कुणाला उडवलं तर?"

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकं शांतपणे बोलल्या की गुरुजींनी चष्मा काढून उगाचच पुसला. पण माघार घेतील ते गुरुजी कसले! "थांब! मीच चालवून दाखवतो. हात बघ माझे!"

खड्डा आला. पुढच्या क्षणी गुरुजींचा चष्मा मागच्या सीटवर होता आणि छत्तीस वर्षांचं विज्ञान "आई गं!" एवढ्या दोन शब्दांत आटोपलं होतं. तिथून गाडी हळूहळू थेट गॅरेजमध्ये. ठकी, म्हणजे गुरुजींची नऊ वर्षांची नात, शाळेतून परस्पर तिथंच आली.

मिस्त्री गाडीखाली शिरले. सूनबाईंना स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगून म्हणाले, "हे बघा. पुढची चाकं जोडणाऱ्या अॅक्सलला आडवं सरकू न देणारा हा दांडा. याचा बोल्टच सैल आहे. खड्डा बसला की अॅक्सल हलतो, तो चाकं हलवतो, चाकं पुन्हा त्याला हलवतात. झोक्याला धक्के बसत राहावेत तसं वाढतच जातं! मग हात कुणाचेही असोत. हे शेवटचं उघडलं कुणी?"

"कुणीच नाही!" गुरुजी वर्गातल्या आवाजात म्हणाले.

ठकीनं दप्तरातून वही काढली. जे शिकाल ते तारखेसकट लिहून ठेवा, हे आजोबांनीच लावलेलं वळण. ती खणखणीत वाचू लागली, "रविवार. पाठ सातवा, गाडीचं पोट. आजोबांनी आडव्या दांड्याचा बोल्ट काढून माझ्या हातात दिला. जड होता. मग तो बोटांनी परत लावला आणि म्हणाले, चहा घेऊन येतो, मग पान्यानं आवळू."

"मग?" मिस्त्रींनी विचारलं.

ठकीनं पान उलटलं. "मग पाठ आठवा. मधमाशी."

मिस्त्रींनी हसू लपवायला डोकं पुन्हा गाडीखाली घातलं. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही घेतली, तारीख पाहिली. त्यांची गाडी पहिल्यांदा थरथरली तो त्या रविवारनंतरचाच सोमवार होता.

"चुकलं माझं, पोरी," गुरुजी म्हणाले. "गाडी तपासायची सोडून मी तुलाच तपासत बसलो."

सूनबाईंनी वही मिटून ठकीला परत दिली. मिस्त्रींनी नवा बोल्ट टाकून चांगला आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई स्टिअरिंगवर बसल्या. मागे ठकी आणि गुरुजी. गुरुजींच्या हातांत काठोकाठ भरलेलं ताट. ते सूनबाईंनीच दिलं होतं.

गाडीनं सत्तर गाठलं. खड्डा अजून चांगला लांब होता, आणि ताटातलं निम्मं पाणी गुरुजींच्या मांडीवर! मग खड्डा आला आणि गेला. गाडी जराही थरथरली नाही.

आरशातून सूनबाईंनी मागे पाहिलं. "बाबा, घट्ट धरलं होतं की सैल?"

गुरुजींनी ओल्या मांडीकडे पाहिलं.

"लिही गं ठकी," ते हळूच म्हणाले. "पाठ नववा."