धूळ बसवण्याचा अर्ज

माझा अर्ज कधी फुकट जात नाही. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून मी बारा अर्ज केले आणि बाराही निकाली निघाले. त्यातल्या शेवटच्या दोनांमुळं हल्ली आमच्या वसाहतीत माझ्याशी कुणी बोलत नाही.

अंथुर्ण्याच्या रस्त्याला आमची तीस घरं. शेजारीच एका बिल्डरनं दीडशे घरांची स्कीम काढली आणि अशी धूळ उडायला लागली, की पोह्यांवर खोबरं पेरलंय की सिमेंट, ते जिभेलाच विचारावं लागे. माझ्या बायकोचा, इंदिराचा, खोकला महिनाभर हटेना.

"आठ दिवसांत धूळ बसवतो बघ," मी तिला म्हणालो आणि तालुक्याला अर्ज दिला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सहाव्या दिवशी आदेश निघाला: साइटवर रोज तीन वेळा पाणी मारावं.

टँकर आला. मागच्या भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी पडत गेलं, धूळ बसली, इंदिराचा खोकला थांबला. वसाहतीनं मला शाल आणि नारळ दिला. दोन दिवसांनी नळाला पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आमच्याकडं पाणी सोडतात ते सर्जेराव. त्यांना गाठायला गेलो, तर टाकीखाली तोच टँकर भरत होता.

"अहो सर्जेराव, हे प्यायचं पाणी आहे ना?"

"व्हय."

"मग मातीवर कशाला मारताय?"

"वरनं कागद आलाय, सर. टँकर आधी भरा म्हणून." त्यांनी खिशातून घडी काढली. "अर्जदार म्हणून तुमचंच नाव हाय की."

"विहिरीचं घ्या. कालव्याचं घ्या."

"हीर आटलीया. कालव्याला पाणी पुढल्या महिन्यात. आन् कुठलं पाणी मारायचं, ते कागदात लिवलंच न्हाय."

खरंच लिहिलं नव्हतं. मीच अर्जात ते लिहिलं नव्हतं.

परत आलो, तर शेजारच्या द्वारकाबाई टँकरमागून चालल्या होत्या. पाइपाच्या एका भोकाखाली हंडा धरून, वरातीत चालावं तशा सावकाश. "नळात न्हाय तर न्हाय, हितं तरी हाय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तीसही घरांतल्या बायका कळश्या, बादल्या घेऊन मागं. एकीच्या हातात तर कुकर होता. जमिनीवर थेंब पडेना. धूळ पुन्हा उठली आणि इंदिरा पुन्हा खोकायला लागली. ह्या वेळी टँकरमागं चालता चालता.

मी बारावा अर्ज केला: पिण्याचं पाणी धुळीवर मारू नये.

चौकशीला तालुक्याचे साहेब आले. त्यांच्या गाडीच्या काचेवर बोटभर धूळ होती. साइटचा सुपरवायझर ऋषिराज पुढं झाला. "साहेब, आमी तीन फेऱ्या मारतो. पण ह्या बायका पाणी भुईपर्यंत जाऊच देत न्हाईत."

साहेब माझ्याकडं वळले. "धुळीची तक्रारही तुमचीच होती ना? धूळ तर आहेच की."

"आहे साहेब, पण प्यायला पाणी नाही."

तेवढ्यात साहेबांना ठसका लागला. इंदिरानं घाईघाईनं आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. साहेब गटागटा प्यायले.

"पाणी तर छान आहे तुमच्याकडं. बोअरचं का?"

"धुळीचं," इंदिरा म्हणाली.

ते साहेबांना कळलं नसावं. त्यांनी शेरा मारला: वसाहतीत पाणी उपलब्ध आहे, धूळ मात्र कायम आहे. सबब फेऱ्या तीनवरून पाच कराव्यात.

पाच फेऱ्यांना अख्खी टाकी लागते. सर्जेरावांनी आमच्याकडचा व्हॉल्व्ह बंदच करून टाकला. आता भांडणं नकोत म्हणून पाइपाची भोकं घरटी वाटून दिली आहेत. आमच्या वाट्याला अगदी कडेचं आलं, तेही चिखलानं बुजलेलं.

त्याबद्दल मी अर्ज लिहायला बसलो होतो. इंदिरानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि भोक मोकळं करायला घेऊन गेली.