सत्कारमूर्तीची बसण्याची व्यवस्था

ज्याचा सत्कार करायचा तो माणूस हजर नसला, की सत्कार निर्विघ्न पार पडतो. हे तत्त्व आमच्या घराने शोधून काढलं असं मी म्हणणार नाही. पुतळे उभारणाऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या घराने त्यात एवढीच भर घातली, की सत्कारमूर्ती जिवंत आणि धडधाकट असतानाही ते अमलात आणून दाखवलं.

सत्कारमूर्ती मी. निमित्त माझी सत्तरी. कार्यक्रम असा: द्राक्षमळ्यांच्या मुलखात गाडीने दिवसभराची सहल, वाटेत निसर्ग, आणि जागोजागी थांबून जेवण व वाइन. मी वाइन पीत नाही. (हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर वाइनचा बेत ठरला. वाटेकरी एक कमी.)

घरात माणसं पाच. थोरल्याच्या कचेरीत बैठका घेणं हेच काम असतं, आणि बैठक नसेल त्या दिवशी त्याला आजारी असल्यासारखं वाटतं. थोरली सून शाळेत गणित शिकवते. धाकटा विमा विकतो, म्हणजे पुढे काय काय वाईट होऊ शकेल ते लोकांना हसतमुखाने सांगतो. धाकट्या सुनेने वाइन ओळखण्याचा शिक्षणक्रम पूर्ण केला आहे. तेव्हापासून घरात आलेलं दूधही ती आधी पेल्यात गोल फिरवून हुंगते. आणि पाचवी मी. गाडी धाकट्याची, पाच जणांची, छताला उघडणारी काच असलेली. पाच माणसं, पाच जागा. चौथी शिकलेल्या बाईला यात काही अडचण दिसत नाही. अडचण दिसायला जास्त शिकावं लागतं.

बैठका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होत. मी ओट्याशी भांडी आवरत हजर असे, पण पाठ वळलेली असल्यामुळे माझी नोंद प्रेक्षक म्हणून होई. पहिल्या काही बैठका रस्ता ठरवण्यात गेल्या. रस्ते दोन होते. एक सरळ आणि एक निसर्गरम्य. (निसर्गरम्य रस्ता म्हणजे ज्याने दुप्पट वेळ लागतो आणि कोणी तक्रार करायची नसते.) धाकटीचं म्हणणं, मळ्यांवर ऊन तिरकं पडलेलं असतानाच तिथे पोचलं पाहिजे, नाहीतर फोटोत द्राक्षं मेल्यासारखी दिसतात. थोरल्याचं म्हणणं, निसर्ग कुठेही असो, स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी सांगा. दोघांचा मान राखून जो रस्ता निघाला तो नकाशावर इस्त्री न केलेल्या पायजम्याच्या नाडीसारखा दिसत होता. त्यावर जेवणाचे तीन थांबे मंजूर झाले: हलकं जेवण, मुख्य जेवण, आणि मुख्य जेवणाचा शीण जावा म्हणून आणखी एक जेवण.

मला निसर्गाचं फारसं कौतुक नाही. तो खिडकीतून दिसतो तेवढा पुरतो. मला हवी होती एकच गोष्ट. टेबलाशी बसावं, दुसऱ्या कोणी रांधलेलं ताट तिसऱ्या कोणी समोर आणून ठेवावं, आणि ते गरम असावं. लग्न झाल्यापासून मी शेवटी जेवते. सगळ्यांचे ढेकर ऐकून झाले की ताट घ्यायचं, तोवर अन्न माझ्यासारखंच शांत झालेलं असतं. तेव्हा थांबे तीन ठरले हे ऐकून ओट्याशी माझ्या हातातलं भांडं निसटलं. धाकटी म्हणाली, "आई, सावकाश. वय झालं आता." इथूनच पुढच्या कामकाजाला दिशा मिळाली असावी.

मग प्रश्न आला वाइनचा. थोरला कायदा पाळणारा आहे. त्याने ठराव मांडला, जो पिईल तो चालवणार नाही, आणि जो चालवेल तो पिणार नाही. ठराव सर्वानुमते संमत झाला, टाळ्या पडल्या, आणि मग चौघे एकमेकांकडे बघू लागले.

थोरला म्हणाला, मी आनंदाने चालवलं असतं, पण डॉक्टरांनी हृदयासाठी थोडी लाल वाइन घ्यायला सांगितली आहे. (डॉक्टरांनी रोज चालायलाही सांगितलं आहे. ते इतिवृत्तात आलं नाही.) थोरली म्हणाली, मी वर्षभर थेंब घेत नाही, एवढा एकच दिवस माझा. धाकटा म्हणाला, जाताना मी चालवतो. येतानाची जोखीम कोणतीही कंपनी घेणार नाही. धाकटी म्हणाली, मी मुळात पीतच नाही, चव घेते आणि थुंकते, फक्त थुंकणं अजून शंभर टक्के जमत नाही.

तेव्हा ड्रायव्हर ठेवायचं ठरलं. सगळ्यांना हायसं वाटलं. थोरलीने सवयीने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि खाली बघितलं. पाचांतून एक ड्रायव्हर गेला, राहिल्या चार जागा. उत्तर कोणीच मोठ्याने सांगितलं नाही. फक्त थोड्या वेळाने धाकट्याने विचारलं, "आई, तुझे गुडघे कसे आहेत गं?"

माझे गुडघे पायमशीनवर अख्ख्या गावाच्या पोरांचे गणवेश शिवून बसलेत, रोज तीन जिने सामान घेऊन चढतात, आणि त्यांची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. त्या रात्री त्यांना जो मान मिळाला तो त्यांच्या मालकिणीलाही कधी मिळाला नाही. असं निष्पन्न झालं, की जिने चढायला ते ठीक आहेत, पण बसायला नाजूक आहेत.

"मोठी गाडी भाड्याने घ्या की," मी ओट्याशी उभी राहून म्हटलं.

सूचना तत्त्वतः मान्य झाली. (तत्त्वतः म्हणजे नाही.) मोठ्या गाडीचं छत उघडत नाही, आणि छत नाही उघडलं तर धाकटी उभी राहून फोटो कशातून काढणार?

"आई, तुला काही चुकणार नाही," थोरला समजावून सांगू लागला. "प्रत्येक थांब्यावरून आम्ही तुला व्हिडिओ कॉल करू. तुझ्या नावाने पेला उचलू. आणि तुझं जेवण डब्यात बांधून आणू."

"गरम राहील?"

"मायक्रोवेव्ह आहे ना, आई!"

मुलगा शिकला की आईला उत्तर देणारी यंत्रं घरात येतात, ती अशी.

मी पुन्हा भांड्यांकडे वळले. आमच्या घरात मी बोलले नाही तर लोक खिडक्या लावून घेतात, पण त्या दिवशी सगळे नकाशात होते. दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथले मास्तर इतके बारीक, की शिकाऊ गाडीने धक्का दिला तर हवेने बाजूला होतील.

"या आजी. नातवाचं नाव घालायचं?"

"माझं घाला."

"वय?"

"गाडी शिकायची आहे. लग्न जमवायचं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, गाडी घेऊन जायचंय तरी कुठे?"

"जेवायला."

घरी मी सांगितलं, गुडघ्यांच्या उपचाराला जाते. घराला इतका आनंद झाला! गुडघे खरोखरच वाईट आहेत म्हटल्यावर सगळ्यांना रात्री झोप नीट लागू लागली. धाकटी तर मला गल्लीपर्यंत सोडायला येत असे.

शिक्षणात अडथळा एकच आला. माझ्या पायांना मशीनची सवय. दोन्ही पाय एकाच वेळी पुढे-मागे हलवल्याशिवाय काम होतंय असं त्यांना वाटेना. त्यामुळे क्लच आणि ब्रेक मी शिवणीच्या लयीत दाबत होते, आणि गाडी मैदानभर बेडकासारखी उड्या मारत होती. मास्तर एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने देव धरून बसत. "आजी, एक पाय थांबवा! एक तरी!" त्यांची टोपी छताला लागून चपटी झाली. पण बाई शिलाईतून उठून गाडीत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच, आणि वेळ मला भरपूर होता, कारण घरी सहलीचं नियोजन चालू होतं. आधी दुसऱ्या थांब्यावरून वाद झाला, मग पहिल्यावरून, मग दोघींच्या टोपीचा रंग सारखा निघाला. होता होता माझी सत्तरी मागे पडली आणि एकाहत्तरी दिसू लागली. सत्कार मात्र सत्तरीचाच राहिला. कागदोपत्री तसं ठरलं होतं.

परीक्षेत पाट्या ओळखायच्या होत्या. लाल गोल असला की नाही म्हणायचं. यात शिकण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. घरात मी तेच भुवईने सांगते. मागे घेताना एक प्लास्टिकचा शंकू गाडीखाली गेला. साहेबांनी विचारलं, "दिसला नाही का?"

"दिसला. पण तो वाटेत उभा होता."

त्यांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला शंकूच बाजूला ठेवलेले होते, असं मास्तर सांगतात.

शेवटी सहलीचा दिवस उजाडला. सकाळी मी ठरलेल्या ड्रायव्हरला फोन केला आणि सांगितलं, सत्कारमूर्तींची तब्येत अचानक बरी झाली आहे, तुम्ही येऊ नका. मग खाली जाऊन, बुडाखाली दोन उशा घेऊन, पट्टा लावून गाडीत बसले. चौघे टोप्या, चष्मे आणि टोपल्या घेऊन खाली आले.

"आई! तिथे काय करतेस?"

"बसलेय. जागा रिकामी होती."

थोरला म्हणाला, हा विषय विषयपत्रिकेवर नाही. धाकट्याने लायसन मागितलं. मी दिलं. ते त्याने उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं.

"खरं आहे रे," तो थोरल्याला म्हणाला. मग मला, "फोटोत हसत का नाहीस?"

"हसू नका म्हणाले. सरकारी काम आहे."

"पण आई, तुमचे गुडघे..." धाकटी म्हणाली.

"उपचार लागू पडला."

थोरलीने पुन्हा मनात बेरीज केली, आणि या खेपेला तिने वर बघितलं. "पाच बरोबर होतात," ती म्हणाली आणि मागचं दार उघडून पहिली आत बसली. तिन्ही थांब्यांवर टेबलं राखून ठेवलेली होती, तेव्हा बाकीचेही बसले.

निसर्ग पाहण्यासाठी माझ्याइतका योग्य वेग दुसऱ्या कोणत्याही ड्रायव्हरने ठेवला नसता. एकेक द्राक्ष मोजता येत होतं. आम्हाला एक ट्रॅक्टर मागे टाकून गेला, मग एक सायकलवाला, मग एक चालत जाणारे गृहस्थ. त्यांनी तर खिडकीतून वाकून, कोणी गेलंय का, असं हळू आवाजात विचारलं. चढावर माझे पाय जरा मशीनवर गेले आणि गाडीने चार-पाच टाके घातले. तेव्हा धाकटी नेमकी छतातून उभी होती. तिची टोपी आता त्या मुलखातल्या निसर्गाचा भाग आहे. मागून धाकटा विम्यातल्या अटी पुटपुटत होता. मला इतकं हसू येत होतं की हॉर्न कुठे आणि हात कुठे ते कळेना. दोन्ही बाजूंच्या मळ्यांना हॉर्न देत आम्ही गेलो.

पहिल्या थांब्यावर पोचेपर्यंत तो बंद झाला होता. त्यामुळे हलकं जेवण रद्द करून आम्ही मुख्य जेवणाला हजर झालो. दगडी फरशीची थंड खोली, भिंतीशी लाकडी पिंपं, लांब टेबल. मळ्याची मालकीण माझ्याच वयाची, कमरेला द्राक्षं कापायची कात्री. तिने पाच पेले भरले आणि विचारलं, "तुमच्यात मोठं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मोठेपणाचा मान मला द्यायला आमच्या घराने कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. तिने पहिला पेला माझ्यापुढे ठेवला. मी तो उचलला आणि रिकामा केला.

"आई!" चौघे एकदम ओरडले.

"छान आहे," मी म्हणाले. "आधी आंबट, मग बरी. थोरली नवीन आली तेव्हा अशीच होती."

(हे मी मुद्दाम केलं असं धाकट्याचं म्हणणं आहे. पुरावा काही नाही.)

जो पिईल तो चालवणार नाही. ठराव त्यांचा, मी फक्त पाळला. चार भरलेले पेले चार तोंडांजवळ येऊन थांबले. कोणी पिईना, कोणी खाली ठेवीना. मग थोरल्याने बैठक बोलावली. तेवढ्यात जेवण आलं. ताटावरून वाफ निघत होती. मी चमचा उचलला.

त्यांचं कामकाज बराच वेळ चाललं. हृदय पुन्हा आलं, थुंकणं पुन्हा आलं. त्यांची ताटं निवली. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मालकीणबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मला विचारलं, "हे काय ठरवतायत?"

"माझा सत्कार," मी म्हटलं.

अखेर थोरलीने आपला पेला नवऱ्यापुढे सरकवला. "मी चालवते. आई, तुम्ही पुढे बसा माझ्याशेजारी. पण पुढच्या वर्षी आपण दोघीच यायचं. तेव्हा तुम्ही चालवायचं आणि मी प्यायचं. कबूल?"

"कबूल."

आमच्या घरातला हा पहिला ठराव, जो बैठकीशिवाय झाला.

ही हकीकत कशी कोण जाणे पसरली. आता मास्तरांनी आमच्या वयाच्या बायकांचा खास वर्ग काढला आहे, आणि नाव घालायला रांग लागते. मी तिथे पायांची सवय मोडायला शिकवते. कालपासून एक नवीन बाई येतात. घरच्यांनी त्यांच्यासाठी काहीतरी मोठा बेत आखलाय म्हणाल्या, फार प्रेमळ माणसं आहेत. मी विचारलं, अशा वेळी घरातून निघता कसं येतं हो तुम्हाला?

म्हणाल्या, "पोर वाचत बसलंय. विनोदी काहीतरी आहे, कोणा म्हातारीचं, मधूनच हसतं. इतक्यात मान वर करायचं नाही."

तेव्हा तुम्ही घाई करू नका, हवं तर पुन्हा पहिल्यापासून वाचा. त्यांचं रिव्हर्स अजून कच्चं आहे.